डुकरांचा ताप आणि माणसांचा ताप
डॉ. रिचर्ड शोप यांचे इन्फ्लुएंझाविषयक संशोधन

सन 1918 च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतील आयोवा राज्यात सीडर रॅपिड्स येथे डुकरांचे मोठे प्रदर्शन भरले होते. आयोवा हा मक्याचा मुलूख होय. पिकलेला मका जसाच्या तसा बाजारात नेण्यापेक्षा तो डुकरांना चारावा आणि पोसलेली डुकरे विकावीत, हा तेथील शेतकऱ्यांचा जुना हिशेब. त्यामुळे प्रदर्शनात दूरदूरच्या शेतकऱ्यांनी आपली निवडक, जातिवंत जनावरे आणली होती. प्रदर्शन चालू असतानाच त्यांतील पुष्कळ डुकरे एकाएकी आजारी पडली. त्यांना ताप भरला, ती खाईनाशी झाली, खोकू लागली आणि धापा टाकीत एका जागी पडून राहिली. प्रदर्शन आटोपल्यावर जनावरे आपापल्या गावी परत गेली आणि थोड्याच दिवसांत त्या भागातील असंख्य कळपांत हाच आजार पसरला.

सरकारी पशुसंवर्धन खात्यात त्या वेळी डॉ. जे. एस. कोएन नावाचे पशुवैद्य निरीक्षक म्हणून काम करीत होते. डुकरांना होणारे नेहमीचे रोग त्यांच्या चांगल्या परिचयाचे होते. हा आजार त्यांपैकी नव्हता. गावोगाव फिरताना त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. ज्या घरात माणसे इन्फ्लुएंझाने अंथरुणाला खिळली, त्या घरची डुकरे लगोलग आजारी पडत. आणि काही ठिकाणी आधी डुकरे पडत व मागाहून घरातील माणसे. लक्षणेही सारखीच. तेव्हा डॉ. कोएन यांनी या रोगाला डुकरांचा इन्फ्लुएंझा असे सरळ नाव दिले आणि 1919 साली ते मत पशुवैद्यकाच्या मासिकात छापून प्रसिद्ध केले.

या नावाने मोठी खळबळ उडाली. डुकरांना माणसाचा रोग होतो असे एकदा लोकांच्या मनात बसले, तर मांस कोण विकत घेईल, अशी भीती पाळणाऱ्यांना व व्यापाऱ्यांना वाटली. कोएन यांच्यावर टीका झाली. त्यांनी मात्र आपले म्हणणे मागे घेतले नाही. माणसांत या रोगाचे निदान करण्यासाठी डॉक्टरांपाशी जेवढा आधार आहे, तेवढाच आपल्यापाशी डुकरांच्या बाबतीत आहे, असे ते सांगत राहिले. तथापि सांगणे वेगळे आणि सिद्ध करणे वेगळे. सिद्ध होण्यास पुढे दहा-बारा वर्षे लागली.

मानमोडीची साथ

त्या वर्षीच्या माणसांतील साथीची आठवण महाराष्ट्रात ‘मानमोडी’ या नावाने राहिली. जून 1918 मध्ये ती मुंबई बंदरात दिसली आणि पावसाळ्याच्या अखेरीस दुसऱ्या, फार भयंकर लाटेच्या रूपाने खेडोपाडी पोहोचली. त्याच वर्षी पावसाने ओढ दिली होती, धान्य महाग झाले होते. अशा स्थितीत पिके काढायलाही हात उरले नाहीत. एकट्या हिंदुस्थानात या साथीने एक कोटीहून अधिक माणसे मेली, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. मुंबई इलाखा हा त्यांतील सर्वाधिक हानी सोसलेल्या प्रदेशांपैकी एक होता. एवढा संहार करणारा रोग कशामुळे होतो, हे त्या वेळी जगात कोणालाच ठाऊक नव्हते. आजाऱ्यांच्या घशात सापडणाऱ्या एका सूक्ष्म जंतूवर पुष्कळांचा संशय होता. परंतु तो जंतू सर्वच रोग्यांत सापडत नसे आणि निरोगी माणसांतही कधी कधी सापडे.

या कोड्याची पहिली उकल मोठ्या शहरातील रुग्णालयात झाली नाही. ती शेतकऱ्यांच्या आजारी डुकरांपासून झाली.

आयोवाचा डॉक्टर

रिचर्ड एडविन शोप यांचा जन्म 25 डिसेंबर 1901 रोजी आयोवातील डे मॉइन शहरी झाला. वडील डॉक्टर होते. मुलाला मात्र वनशास्त्र शिकायचे होते. नाव नोंदविण्यास तो एम्स येथील महाविद्यालयात गेला तेव्हा तेथील कचेरी बंद होती, म्हणून तो आयोवा सिटीस गेला आणि वैद्यकाच्या शिक्षणाकडे वळला, अशी हकिकत सांगतात. 1924 साली ते डॉक्टर झाले आणि पुढील वर्षी प्रिन्स्टन येथील रॉकफेलर संस्थेच्या पशुरोग विभागात, डॉ. पॉल लुईस यांच्या हाताखाली काम करू लागले.

1928 साली शोप यांना डुकरांच्या कॉलऱ्याचा अभ्यास करण्यासाठी आयोवात पाठविण्यात आले. हा ‘कॉलरा’ माणसांच्या पटकीहून अगदी वेगळा रोग असून आपल्याकडे तो स्वाइन फीव्हर या नावाने ओळखला जातो. म्हणजे शोप गेले एका रोगासाठी आणि त्यांना सापडला दुसराच. शेतकऱ्यांशी बोलताना त्यांना कळले की, 1918 पासून जवळजवळ दर वर्षी, थंडी पडू लागली की डुकरांत हा तापाचा आजार येतो. शंभरात एखाद-दुसरे, फार तर चार जनावरे दगावतात. बाकीची पाच-सहा दिवसांत जशी एकाएकी पडली तशीच एकाएकी उठून खाऊ लागतात. मृत्यू थोडे असले तरी नुकसान थोडे नसे, कारण जनावराचे वजन नेमके विक्रीच्या हंगामात उतरे. शोप यांनी या गोष्टी वहीत टिपून घेतल्या आणि मेलेल्या जनावरांच्या फुफ्फुसांचे नमुने प्रयोगशाळेत नेले.

प्रथम लुईस व शोप यांना या नमुन्यांत एक जंतू मिळाला. माणसांच्या इन्फ्लुएंझात ज्याच्यावर संशय होता त्या जंतूशी तो अगदी मिळताजुळता होता. कोणालाही वाटावे की शोध संपला. परंतु हा जंतू प्रयोगशाळेत वाढवून निरोगी डुकरांच्या नाकात सोडला तेव्हा ती आजारी पडेनात. आजारी डुकराचा कफ थेट नाकात घातला की मात्र रोग हटकून होई. याचा अर्थ कफात आणखी काही तरी होते.

1929 साली लुईस दुसऱ्या एका रोगाच्या संशोधनासाठी ब्राझीलमध्ये गेले असता पीतज्वराने मरण पावले. डुकरांच्या तापाचे काम शोप यांना एकट्याने पुढे न्यावे लागले. त्यांनी आजारी डुकराचा फुफ्फुसातील स्राव अत्यंत बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळला. या गाळणीतून जंतू पलीकडे जात नाहीत. गाळून आलेले स्वच्छ दिसणारे पाणी त्यांनी निरोगी डुकरांच्या नाकात सोडले. डुकरे दोन-तीन दिवस थोडी मलूल झाली, थोडे कमी खाऊ लागली आणि बरी झाली. पाहणाऱ्याच्या सहज ध्यानातही येणार नाही इतका सौम्य आजार! तथापि ही डुकरे अशा आजारी जनावराशेजारी ठेवली की शेजारचेही तसेच मलूल होई, आणि एकदा मलूल होऊन उठलेल्या डुकराला पुढे कफ पाजूनही खरा रोग होत नसे. गाळणीतून पार होणारे, डोळ्यांना व त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणारे असे जे काही होते, तोच रोगाचा मूळ कर्ता. त्याला आपण आज विषाणू म्हणतो.

शोप यांनी मग विषाणू व जंतू दोन्ही एकत्र दिले. या वेळी डुकरांना शेतावर दिसतो तसा पुरा, जोरदार रोग झाला. एकटा जंतू निरुपद्रवी, एकटा विषाणू सौम्य, आणि दोघे मिळून घातक. हे निष्कर्ष त्यांनी 1931 साली प्रसिद्ध केले. आजही इन्फ्लुएंझाने अशक्त झालेल्या माणसाच्या किंवा जनावराच्या फुफ्फुसात मागाहून जंतू शिरतात आणि न्यूमोनिया होऊन मृत्यू ओढवतो, असे पुष्कळदा घडते. त्याचे इतके स्वच्छ चित्र प्रथम डुकरांनी दाखविले. शोप यांनी 1930 साली आयोवातील डुकरांतून वेगळा केलेला विषाणू ‘आयोवा 15’ या खुणेने जगभरच्या प्रयोगशाळांत अजूनही वापरला जातो.

फेरेटची शिंक

शोप यांचे निबंध वाचून इतरांनाही तीच वाट चोखाळावीशी वाटली. 1933 साली लंडन येथे विल्सन स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ या तिघांनी इन्फ्लुएंझाच्या रोग्यांच्या घशातील गुळण्यांचे पाणी गाळून ते फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यांच्या नाकात घातले. फेरेट शिंकू लागले, त्यांना ताप आला, आणि माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू प्रथमच हाती लागला. पुढे 1936 साली अशाच एका आजारी फेरेटने स्टुअर्ट-हॅरिस या तरुण डॉक्टरांच्या तोंडावर शिंक दिली आणि त्यांनाही इन्फ्लुएंझा झाला. त्यांच्या घशातून विषाणू पुन्हा काढण्यात आला. माणसाकडून प्राण्याकडे व प्राण्याकडून माणसाकडे रोग जातो, याचा याहून सरळ पुरावा कोणता हवा? उलट बाजूने शोप व थॉमस फ्रान्सिस यांनी माणसाचा विषाणू डुकरांना देऊन पाहिला. त्यांनाही तो लागला.

शोप यांचा सर्वांत मार्मिक प्रयोग मात्र साध्या रक्तावर झालेला आहे. एखादा रोग होऊन गेला की त्याच्याशी झुंजणारी द्रव्ये रक्तात उरतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी सुटते, त्यात ती असतात. शोप यांनी निरनिराळ्या वयांच्या माणसांचे असे रक्तजल घेऊन ते डुकरांच्या विषाणूत मिसळले. प्रौढांच्या रक्तजलाने डुकरांचा विषाणू निष्प्रभ झाला. बारा वर्षांखालील मुलांच्या रक्तजलाने तसे क्वचितच घडले. ही मुले 1918 च्या साथीनंतर जन्मलेली होती. ज्या प्रौढांचा डुकरांशी कधी संबंध आला नव्हता, त्यांच्या रक्तात डुकरांच्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे कोठून आली? याचे एकच सयुक्तिक उत्तर होते: 1918 साली माणसांना झालेला रोग आणि डुकरांत टिकून राहिलेला रोग यांचे मूळ एक. कोएन यांनी डोळ्यांनी पाहून जे सांगितले होते, ते 1936 साली अशा रीतीने काचेच्या नळीत दिसले. पुढे 1918 साली मेलेल्या रोग्यांच्या, प्रयोगशाळेत जपलेल्या आणि अलास्कातील बर्फाळ जमिनीत पुरलेल्या शवांतील फुफ्फुसांवरून डॉ. टॉबेनबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या विषाणूची घडण शोधून काढली. हे काम 1997 ते 2005 या काळात झाले. तेव्हाही हे नाते खरे ठरले.

गांडुळांचा प्रश्न

एक प्रश्न शोप यांना फार वर्षे छळीत राहिला. थंडीत येणारा हा रोग उन्हाळ्यात कोठे लपून बसतो? त्यांचे लक्ष डुकरांच्या फुफ्फुसातील कृमींकडे गेले. या कृमींची अंडी खोकल्यातून पोटात व तेथून शेणावाटे बाहेर पडतात, ती गांडूळ खाते, गांडुळाच्या शरीरात कृमीची पिल्ले वाढतात आणि जमीन उकरून गांडुळे खाणाऱ्या डुकराच्या फुफ्फुसात ती पुन्हा पोहोचतात. विषाणू या कृमींच्या पिल्लांत सुप्त स्थितीत राहतो व थंडीवाऱ्याने जनावर बेजार झाले की जागा होतो, असे शोप यांनी 1941 साली प्रयोगांच्या आधाराने मांडले. त्यांचे प्रयोग हिवाळ्याच्या आसपास यशस्वी होत, उन्हाळ्यात होत नसत. इतर संशोधकांना मात्र ही गोष्ट निर्विवादपणे पडताळून पाहता आली नाही. आज असे मानतात की विषाणू कळपांतच, विशेषतः नव्याने जन्मलेल्या पिल्लांत, वर्षभर हळूहळू फिरत राहतो आणि थंडीत जनावरे दाटीने कोंडली की उसळतो. तरीही शोप यांचा गांडुळांवरील तो खटाटोप वाया गेला असे म्हणवत नाही. रोग कोठे मुक्काम करतो हे शेतावरच शोधले पाहिजे, ही त्यांची दृष्टी खरी होती. फक्त घर चुकले.

शोप यांनी सशांच्या गाठींवरही मोलाचे काम केले. 2 ऑक्टोबर 1966 रोजी त्यांचे निधन झाले.

पाणपक्ष्यांपासून

शोप यांच्या पुढच्या पिढीत रॉबर्ट वेबस्टर आदी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, इन्फ्लुएंझाच्या विषाणूंचे मूळ घर रानटी बदके व इतर पाणपक्षी हे आहे. त्यांच्या आतड्यांत तो बहुधा काही त्रास न देता राहतो व विष्ठेवाटे पाण्यात उतरतो. या विषाणूचा वारसा आठ सुट्या तुकड्यांत असतो. दोन निरनिराळे विषाणू एकाच जनावराच्या एकाच पेशीत शिरले, तर या तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच विषाणू जन्माला येऊ शकतो. जणू दोन जातींच्या बियाण्यांची सरमिसळ. डुकराच्या शरीरात पक्ष्यांचा व माणसांचा, दोन्ही विषाणूंना थारा मिळतो. म्हणून कोंबड्या, बदके, डुकरे व माणसे एका आवारात दाटीने राहणे शास्त्रज्ञांना धोक्याचे वाटते.

ही नुसती कल्पना नव्हे. 2009 साली मेक्सिकोतून जगभर पसरलेला ‘स्वाइन फ्लू’ हा डुकरांत अशाच सरमिसळीतून तयार झालेला विषाणू होता. ऑगस्ट 2009 मध्ये त्याचा भारतातील पहिला मृत्यू पुणे येथे नोंदविला गेला. या विषाणूचा एक महत्त्वाचा तुकडा शोप यांनी 1930 साली अभ्यासलेल्या डुकरांच्या वंशातूनच आलेला होता. त्या साथीत वयोवृद्ध माणसे तरुणांच्या मानाने कमी प्रमाणात आजारी पडली. जुन्या साथींच्या प्रतिपिंडांचा साठा त्यांच्या रक्तात उरला होता, हे त्यामागील एक कारण. शोप यांचा रक्तजलाचा प्रयोग जणू पुन्हा एकदा, सबंध जगाच्या पटावर घडला.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. 2009 ची साथ माणसाकडून माणसाला खोकला व शिंका यांच्या द्वारे पसरली. नीट शिजविलेल्या मांसापासून नव्हे. तरीही नावाला भिऊन इजिप्तमध्ये सरकारने देशातील जवळजवळ तीन लाख डुकरे मारण्याचा हुकूम काढला आणि गरीब पाळणाऱ्यांची उपजीविका बुडाली. साथ त्याने थांबली नाही. उलट कॅनडात व पुढे अनेक देशांत हा विषाणू माणसांनीच डुकरांना दिला. ताप-खोकला असलेल्या माणसाने जनावरांना चारा-पाणी करू नये, तेवढे दिवस घरातील दुसऱ्या कोणी ते काम पाहावे आणि नाइलाज असेल तर नाक-तोंड फडक्याने बांधून व हात साबणाने धुऊन आत जावे, हा सल्ला यातूनच निघतो. माणसाला जपण्याइतकाच तो जनावराला जपण्यासाठी आहे.

गोठाही यातून सुटलेला नाही. 2024 च्या मार्चमध्ये अमेरिकेतील टेक्सास व कॅन्सस राज्यांत दुभत्या गायींचे दूध एकाएकी आटले व दाट, चिकासारखे येऊ लागले. तपासात पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू निघाला. न तापविलेले दूध प्यालेली गोठ्यातील मांजरे मेली. दूध तापवूनच प्यावे ही आपल्याकडील घरोघरची रीत किती शहाणपणाची आहे, हे यावरून दिसते.

नवापूरची कोंबडी

महाराष्ट्राला या रोगाची खरी ओळख फेब्रुवारी 2006 मध्ये झाली. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्यात कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. प्रथम सर्वांना तो राणीखेत रोग वाटला. लक्षणे पुष्कळशी सारखी असल्याने तसे वाटणे स्वाभाविकही होते. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत तपासल्यावर तो पक्ष्यांचा इन्फ्लुएंझा, म्हणजे बर्ड फ्लू, असल्याचे ठरले. देशातील ही पहिलीच नोंद. लाखो पक्षी मारून पुरावे लागले. 2021 साली नवापुरात हा रोग पुन्हा आला.

1918 साली आयोवातील डुक्कर पाळणाऱ्यांना जी भीती वाटली, तीच येथील कोंबडी पाळणाऱ्यालाही वाटते. रोगाचे नाव बाहेर फुटले की भाव कोसळणार, गिऱ्हाईक तुटणार. कर्ज काढून शेड उभारलेल्या माणसाची ही भीती खोटी नाही, आणि तिची थट्टा करणाऱ्या कार्यकर्त्याला कोणी मनातले सांगणारही नाही. परंतु हिशेब नीट मांडला तर तो लपविणाऱ्याच्या विरुद्ध जातो. सरकारी भरपाई मिळते ती रोग ठरल्यावर सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची व नष्ट केलेल्या अंड्यांची व खाद्याची. आधीच मेलेल्या पक्ष्यांची नव्हे. ज्याने आठ दिवस वाट पाहिली, त्याचे त्या आठ दिवसांतील पक्षी त्याच्या स्वतःच्या खात्यावर गेले. शिवाय या अवधीत मेलेले पक्षी, खाद्याची पोती, अंड्यांचे ट्रे व गाडीची चाके यांच्याबरोबर रोग शेजाऱ्याच्या शेडपर्यंत पोहोचलेला असतो.

जनावरांतील सांसर्गिक रोगांविषयी 2009 साली झालेल्या केंद्रीय कायद्याप्रमाणेही संशयित रोगाची वर्दी गावच्या अधिकाऱ्यास अथवा ग्रामपंचायतीस देणे मालकावर बंधनकारक आहे, आणि त्यांनी ती जवळच्या पशुवैद्यास कळवावयाची असते. पाच-दहा कोंबड्या एका रात्रीत मेल्या, तुरे व पाय निळसर पडले, अंडी एकदम थांबली, किंवा तळ्याकाठी रानटी पक्षी मरून पडलेले दिसले, एवढे कारण वर्दी देण्यास पुरेसे आहे. राणीखेत की बर्ड फ्लू हे डोळ्यांनी ओळखण्याची जबाबदारी कोणावरही नाही. ते काम भोपाळच्या प्रयोगशाळेचे. पशुवैद्य येईपर्यंत मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये, चिरून पाहू नये, ओढ्यात किंवा उकिरड्यावर फेकू नये आणि स्वस्तात मिळतो म्हणून घरी तर मुळीच नेऊ नये. त्या शेडमध्ये काम करणाऱ्या कोणास ताप आला, तर त्याने प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आपला कोंबड्यांशी आलेला संबंध डॉक्टरांना आपण होऊन सांगावा. डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नये.